उत्तरावाचून हुकूम



आपल्या दिवाणखान्यातील तिवईवर जे एक चपटे, काळे, रबरी कळांचे उपकरण पडलेले असते, ज्याची आठवण ते हाती लागेनासे झाले म्हणजेच काय ती होते, आणि ज्याच्या पोटात काय चालले आहे याचा विचार ते रोज हाताळणाऱ्यांच्या मनाला सहसा शिवत नाही, त्या रिमोटविषयी आज बोलण्याची परवानगी मी व्याख्यानमालेच्या चालकांकडे मागितली, आणि ती त्यांनी आढेवेढे न घेता दिली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांनी पदार्थविज्ञान मराठी मुलांना मराठीतून शिकविण्यात आपली हयात वेचली. विषय जितका नित्याचा तितका तो अधिक कसोशीने समजावून द्यावा हा त्यांचा दंडक होता. त्यांच्या स्मृतीस वंदन करताना विश्वाच्या उत्पत्तीसारखा भव्य विषय घेण्यापेक्षा हाताच्या तळव्यात मावणारा हा विषय घ्यावा, हेच मला अधिक उचित वाटले.

माझे म्हणणे एकच आहे, आणि ते आरंभीच सांगून टाकतो. रिमोटची कळ दाबली म्हणजे समोरच्या यंत्राकडे एक हुकूम जातो. परंतु तो हुकूम पोहोचला की नाही, पोहोचला तर जसाच्या तसा पोहोचला की वाटेत त्यात भेसळ झाली, आणि त्याची तामिली झाली की तो तसाच पडून राहिला, यांपैकी कशाचीही वर्दी त्या रिमोटकडे परत येत नाही. तो बोलू शकतो, ऐकू शकत नाही. या एका उणिवेतून त्याची सगळी भाषा, तिच्यातील पुनरुक्ती, तिच्यातील खबरदारी आणि तिच्यातील काटकसर निपजलेली आहे, असे माझे मत आहे. आणि आजचे व्याख्यान म्हणजे त्या मताचे समर्थन होय.

हा विषय बंगळुरात बोलण्यास विशेष औचित्य आहे, कारण दुरून हुकूम पाठविण्याची विद्या या शहरात तीन पिढ्या नांदत आली आहे. १९४८ साली येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना निघाला, त्याच्याभोवती दूरवाणीनगर वसले, आणि पुढे कित्येक वर्षे देशातील कचेऱ्यांच्या मेजांवर जी फिरत्या तबकडीची टेलिफोनयंत्रे दिसत त्यांतील फार मोठा भाग याच कारखान्यातून बाहेर पडलेला असे. बोटाने तबकडी फिरवून सोडली म्हणजे मूळ जागी परतताना ती तारेतील विद्युत्प्रवाह सेकंदास दहा या गतीने खंडित करी. पाचाच्या आकड्यास पाच खंड, शून्यास दहा. त्यात ध्वनी नव्हता की अक्षर नव्हते. प्रवाहाचे असणे, त्याचे नसणे, आणि त्या दोहोंमधील काळाचे माप, एवढ्याच सामग्रीवर मनुष्याच्या बोटाचा मनोदय दूरच्या एक्स्चेंजास कळत असे. रिमोटची भाषा याच कुळातली आहे. भेद इतकाच, की टेलिफोन करणाऱ्याच्या कानी डायल टोन पडे, पलीकडे घंटी वाजत असल्याचा नाद पडे, लाइन गुंतलेली असल्याची तुटक सूचना पडे, आणि अशा रीतीने त्याच्या हुकमास पावलोपावली उत्तर मिळत असे.

याच शहराच्या पीण्या भागात इस्रोचे इस्ट्रॅक नावाचे केंद्र आहे. तेथून अंतराळयानांना हुकूम सुटतात, आणि यानाकडून अखंड येणाऱ्या मापनांवरून त्या हुकमांची रुजवात घेतली जाते. शहराच्या ईशान्येस होसकोट येथे भारतीय ताराभौतिकी संस्थेचे जे केंद्र आहे, तेथे बसून आपले ज्योतिर्विद लडाखमधील हान्ले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर उभारलेली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण उपग्रहाच्या दुव्यावरून चालवितात. दृश्य प्रकाशाबरोबर अवरक्त प्रकाशही टिपणाऱ्या त्या दुर्बिणीने मान वळविली की नाही हे त्यांना होसकोटात समजते. इतक्या दूरच्या यंत्रांशी जेथे दुतर्फा बोलणे चालते, तेथे तीन मीटरांवरच्या टीव्हीकडून रिमोटला साधा होकारही मिळू नये, ही गोष्ट पहिल्या ऐकण्यात विपरीत वाटते. परंतु उत्तर ऐकावयाचे तर रिमोटमध्ये एक संवेदक बसवावा लागेल, तो जागा ठेवावा लागेल, टीव्हीतही प्रकाश फेकणारा दिवा घालावा लागेल, आणि हे सर्व दोन लहान सेलांच्या शिदोरीवर वर्ष दोन वर्षे चालले पाहिजे. तो खर्च कोणी पत्करला नाही. त्याऐवजी निरोपाची मांडणीच इतकी पक्की करण्यात आली की उत्तराची गरज शक्य तेवढी कमी व्हावी.

आता त्या निरोपाच्या वाहनाकडे वळू. १८०० साली विल्यम हर्शल या ज्योतिर्विदाने लोलकातून पाडलेल्या वर्णपटात निरनिराळ्या रंगांवर उष्णतामापके ठेवून पाहिली, तेव्हा तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस केवळ अंधार दिसत होता, तेथील पारा सर्वांत अधिक चढला. त्या अदृश्य प्रकाशाच्या अगदी अलीकडच्या काठावर आपला रिमोट काम करतो. त्याच्या नाकाशी बसविलेल्या एलईडीतून बहुधा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. आपल्या डोळ्यांची धाव त्याच्या पुष्कळ आधी, सातशेच्या थोड्या पुढे संपते. ही तरंगलांबी निवडण्यास दोन सबळ कारणे आहेत. ज्या सिलिकॉनचे प्रकाशग्राहक स्वस्तात बनतात ते सिलिकॉन याच सुमारास फार तरतरीत असते, हे पहिले. दुसरे मला अधिक मनोहर वाटते: वातावरणातील पाण्याची वाफ नेमका ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा सूर्यप्रकाश शोषून घेते, त्यामुळे जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात तेथे एक खळगा पडलेला असतो, आणि त्या खळग्याच्या आडोशाने रिमोट आपला क्षीण आवाज काढतो. ज्यांस हा प्रकाश प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्यांनी रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. पुष्कळ कॅमेऱ्यांत, विशेषतः पुढच्या बाजूच्या, फिकट जांभळी लुकलुक दिसते. दोष रिमोटकडे आहे की टीव्हीकडे, याचा निवाडा करण्याची याहून सोपी तजवीज मला ठाऊक नाही.

सूर्याशी असलेले हे वैर जुने आहे. १९५५ साली अमेरिकेतील झेनिथ कंपनीसाठी यूजीन पॉली यांनी टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशग्राहक बसवून, विजेरीसारख्या हत्याराने त्यांवर झोत टाकून, संच दुरून चालविण्याची युक्ती काढली. परंतु त्या ग्राहकांस हातातल्या झोतात आणि खिडकीतून आलेल्या उन्हात भेद करता येईना, आणि ऊन सरकले की संच आपोआप वाहिनी बदली. दुसऱ्याच वर्षी त्याच कंपनीतील रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाश सोडून ध्वनीचा आश्रय केला: हातातील पेटीत ॲल्युमिनियमच्या कांड्या, कळ दाबली की त्यांवर एक लहानशी हातोडी पडे, आणि मनुष्याच्या कानास न येणारा अतिउच्च स्वर निघे. ही पद्धत, नाना फेरफारांसह, सुमारे पाव शतक टिकली. मूळ रूपात तिला सेलदेखील लागत नसत. परंतु तिच्यात एका स्वरास एकच अर्थ होता. जितक्या कांड्या तितके हुकूम, आणि आणखी हुकूम हवे तर आणखी कांड्या. वाहिन्यांचा पसारा वाढला तेव्हा अशी भाषा अपुरी पडणे अटळ होते. जिच्यात दोन चिन्हे काळाच्या ओळीत मांडून शेकडो शब्द घडवावे अशी लिपी आवश्यक झाली, आणि विजेचे सूक्ष्म मंडल स्वस्त झाल्यावर प्रकाशाकडे परतणेही शक्य झाले.

परतताना मात्र पॉलींच्या संचाची फजिती ध्यानात ठेवण्यात आली. रिमोटचा प्रकाश नुसता लागत नाही, तो सेकंदास सुमारे ३८,००० वेळा लुकलुकत लागतो. म्हणजे एका लुकलुकीस सव्वीस मायक्रोसेकंद. ऊन लुकलुकत नाही, साधा विजेचा दिवा लुकलुकला तर सेकंदास शंभर वेळा, देवघरातील निरांजन त्याहूनही सावकाश. सभेत इतका प्रकाश-कोलाहल चालू असता, अडतीस हजारांच्या चालीने जे बोलेल तेवढेच माझ्यासाठी, बाकीचे नाही, असा टीव्हीतल्या ग्राहकाचा नेम ठरलेला असतो. हाच आकडा का, याचे कारण रेडिओच्या इतिहासात आहे. रेडिओसंचाच्या मधल्या टप्प्यासाठी ४५५ किलोहर्ट्झचे चिनीमातीचे स्पंदक जगभर तयार होत असत आणि अत्यंत अल्प किमतीस मिळत. त्या स्पंदनास बाराने भागले म्हणजे ३७.९ किलोहर्ट्झ येतात. सर्वांनी हीच संख्या घेतली असे नाही. फिलिप्सने ३६ घेतली, सोनीने ४०.

ज्यास या ग्राहकाचे दर्शन घ्यावयाचे असेल त्याने येथून जवळच्या एस. पी. रोडवर, म्हणजे सदर पत्रप्पा रस्त्यावर, कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात जाऊन ‘टीएसओपी १७३८’ मागावा. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले वर्षानुवर्षे प्रकल्पांसाठी तो नेत आली आहेत. तीन पायांचा, पोट पुढे आलेला हा काळा मणी: त्याचा काळेपणा हीच त्याची चाळणी, कारण दृश्य प्रकाश त्यात शिरत नाही आणि अवरक्त शिरतो. आत प्रकाशग्राहक, प्रवर्धक, अडतीस हजारांव्यतिरिक्त सर्व चालींस मज्जाव करणारी गाळणी, आणि शेवटी लुकलुक काढून टाकून मूळचे असणे-नसणे तेवढे पुढे देणारे मंडल, असा सगळा सरंजाम आहे. त्यात एक गुण असा आहे की कोणी न थांबता एकसारखे त्याच चालीत लुकलुकू लागले, तर तो त्यास बोलणे न समजता गोंगाट समजतो आणि आपली संवेदनशीलता उतरवीत नेतो. इलेक्ट्रॉनिक चोक असलेले सीएफएल दिवे साधारण याच कंप्रतांच्या प्रदेशात चालत; ते घराघरांत आले तेव्हा काही संचांवर रिमोट चालेनासा होण्याचे हेच कारण होते. यावरून रिमोटच्या भाषेस एक नियम आपोआप लागू झाला: बोल आखूड असावेत, आणि दोन बोलांत पुरेशी शांतता असावी.

आता खुद्द निरोपाचा मजकूर. येथे मला जुन्या दप्तराचा आधार घेऊ द्या. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि त्या काळच्या सरकारी पत्रांची शिस्त ज्यांनी पाहिली असेल त्यांस ठाऊक आहे, की पत्रास आरंभी मायना असे, मग ते कोणाच्या नावे आहे ते असे, मग हुकूम, आणि अखेरीस, मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, अशा अर्थाचे मोर्तब उमटविलेले असे. जपानच्या एनईसी कंपनीने रिमोटसाठी जी पद्धत घालून दिली, आणि जी पुढे आशियातील अगणित लहानमोठ्या उत्पादकांनी उचलली, तिचा प्रत्येक निरोप म्हणजे असाच एक खलिता आहे. आरंभी नऊ मिलिसेकंद सतत लुकलुक आणि मग साडेचार मिलिसेकंद शांतता: हा मायना. इतकी लांब लुकलुक पुढे मजकुरात कोठेच येत नाही, म्हणून ती दिसताच ग्राहक सावध होतो, आपली संवेदनशीलता जुळवून घेतो, आणि मोजणी सुरू करतो. त्यानंतर आठ बिटांचा पत्ता, म्हणजे हा हुकूम टीव्हीस आहे, डीव्हीडीच्या यंत्रास आहे की पंख्यास. त्यानंतर आठ बिटांचा हुकूम. आणि सर्वांच्या शेवटी अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित लांब अशी एक लुकलुक, जी नसती तर शेवटच्या शांततेची लांबी मोजताच आली नसती. ते मोर्तब.

बिट कसे लिहितात हे पाहण्यासारखे आहे. शून्य असो वा एक, लुकलुक तेवढीच असते, ५६२.५ मायक्रोसेकंद, म्हणजे अडतीस हजारांच्या चालीच्या सुमारे एकवीस लुकलुकी. अर्थ तिच्यात नाही, तिच्यामागून येणाऱ्या शांततेत आहे. शांतता तितकीच लांब असेल तर शून्य, तिप्पट असेल तर एक. म्हणून शून्याला एकंदर १.१२५ मिलिसेकंद लागतात आणि एकाला २.२५. उजेड केवळ खुणेपुरता, आणि मजकूर अंधारात लिहिलेला, ही योजना सेल वाचविण्याच्या दृष्टीने किती शहाणपणाची आहे ते मी थोड्या वेळाने आकड्यांनी दाखवीन.

परंतु या खलित्याचे मर्म वेगळ्याच ठिकाणी आहे. पत्ता एकदा लिहून तो थांबत नाही. लागलीच तोच पत्ता उलटा लिहितो, म्हणजे जेथे शून्य तेथे एक आणि जेथे एक तेथे शून्य. हुकमाचेही तसेच. समजा, कळेचा अनुक्रमांक एकवीस आहे. या पद्धतीत लहान स्थानाचे बिट आधी जाते, म्हणून तो १०१०१००० असा सुटतो, आणि त्याच्या पाठोपाठ ०१०१०१११ ही त्याची उलटी नक्कल. ग्राहक दोन्ही ताडून पाहतो. एका स्थानीही दोन्हींकडे शून्य किंवा दोन्हींकडे एक निघाला, तर तो सबंध निरोप बाद. संशयित हुकमाची तामिली करण्यापेक्षा तो न आल्यासारखा समजणे बरे, कारण हुकूम देणारा समोर बसलेला आहे, काही घडले नाही हे त्यास दिसेल आणि तो पुन्हा कळ दाबील; उलट चुकीच्या हुकमाने आवाज एकाएकी वाढला तर नुकसान होते आणि यंत्रावरचा विश्वासही जातो. परत विचारण्याची सोय नसलेल्या ग्राहकाने संशय आला असता काय करावे, या प्रश्नाचा हा फार विचारपूर्वक दिलेला निकाल आहे, आणि म्हणूनच मला तो आदरणीय वाटतो.

या उलट नकलेतून आणखी एक लाभ पदरी पडतो, जो मला वर्गात सांगताना नेहमी आनंद देत आला आहे. प्रत्येक बिटाची उलट प्रत त्याच निरोपात असल्यामुळे, हुकूम कोणताही असो, बत्तीस बिटांत सोळा शून्ये आणि सोळा एक असणारच. सोळा शून्यांचे १८ मिलिसेकंद, सोळा एकांचे ३६, आणि मायन्याचे साडेतेरा; एकूण साडेसदुसष्ट. कोणतीही कळ दाबा, खलित्याची लांबी केसभरही बदलत नाही, आणि ज्याला लांबी आधीपासून ठाऊक आहे त्या ग्राहकास अर्धवट निरोप ओळखणे सोपे जाते. पुढे उत्पादक इतके झाले की आठ बिटांचे २५६ पत्ते पुरेनात, तेव्हा पत्त्याची उलट नक्कल सोडून तेथे सोळा बिटांचा लांब पत्ता घालण्याची चाल पडली; त्या दिवशी ही समलांबी गेली. हुकमाची नक्कल मात्र कायम राहिली.

कळ दाबून धरली तर? आवाज वाढविताना आपण बोट उचलत नाही. अशा वेळी तोच बत्तीस बिटांचा मजकूर पुनःपुन्हा न पाठविता रिमोट दर १०८ मिलिसेकंदांनी एक आखूड खूण पाठवितो: नऊ मिलिसेकंद लुकलुक, सव्वादोन मिलिसेकंद शांतता, आणि एक मोर्तब. तिचा अर्थ, सदरहू हुकूम चालू. आता आकडे पाहा. पहिल्या खलित्यात लुकलुकीचा काळ सगळा मिळून सुमारे साडेसत्तावीस मिलिसेकंद. आणि लुकलुकीतही एलईडी जर तिसरा हिस्सा वेळच पेटत असेल, जसा पुष्कळ रिमोटांत असतो, तर १०८ मिलिसेकंदांत खरा उजेड नऊ मिलिसेकंदांच्या आसपास. नंतरच्या आखूड खुणेत तो जेमतेम तीन. म्हणूनच एलईडीस त्या क्षणापुरता शंभर मिलिॲम्पिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह देऊन त्याचा आवाज मोठा करता येतो, आणि तरीही सेल टिकतात. कळ दाबलेली नसताना आतील चिप झोपलेली असते. कळा उभ्या-आडव्या तारांच्या जाळीवर बसविलेल्या असतात. आठ आणि आठ अशा सोळाच तारांवर चौसष्ट कळा मावतात, रबराखालचा कार्बनचा ठिपका दोन तारा जोडतो तेव्हा चिप जागी होते, कोणती उभी आणि कोणती आडवी ते शोधते, खलिता लिहून पाठविते आणि पुन्हा निजते.

फिलिप्सने आपल्या आरसी-५ पद्धतीत वेगळा मार्ग धरला. तेथे प्रत्येक बिट १.७७८ मिलिसेकंदांचे, आणि त्याच्या नेमक्या मध्यावर उजेडातून अंधारात की अंधारातून उजेडात संक्रमण होते यावर त्याचा अर्थ. निरोप अवघ्या चौदा बिटांचा. त्यांत एक बिट असे आहे की ज्याच्या कर्त्यास मी मनोमन नमस्कार करतो. अकरा क्रमांकाची वाहिनी लावण्यासाठी एकाची कळ दोनदा दाबावी लागते. आता कळ एकदाच दाबून धरली असता मधूनच कोणी समोरून चालत गेले, तर निरोपांची साखळी तुटते, पुन्हा जुळते, आणि ग्राहकास ती कळ दोनदा दाबल्यासारखी दिसते. उत्तर विचारता येत नाही. म्हणून प्रत्येक नव्या दाबणीस ते एक बिट पालटावयाचे, शून्याचे एक आणि एकाचे शून्य, आणि बोट उचलेपर्यंत ते तसेच ठेवावयाचे: बिट पालटले नसेल तर मध्ये कितीही खंड पडो, दाबणी एकच. सोनीने तर आणखी सरळ उपाय केला. बारा बिटांचा आखूड निरोप, आणि कळ कितीही क्षणिक दाबली तरी तो किमान तीन वेळा पाठवावयाचा. कोणी उलट नक्कल लिहिली, कोणी खुणेचे बिट पालटले, कोणी त्रिवार उच्चार केला. दुखणे सर्वांचे एकच होते.

आपल्या देशात हे उपकरण घरोघर पोहोचले ते थोडे उशिरा. बंगळूरचे दूरदर्शन केंद्र १९८१चे, रंगीत प्रक्षेपण १९८२चे. परंतु पाहावयास एकच वाहिनी असताना खुर्चीवरून उठून संच लावणे आणि रात्री उठून बंद करणे यापलीकडे दुसरे काम नव्हते, आणि ते घरातील धाकट्या मुलाकडे असे. १९९१-९२मध्ये उपग्रहवाहिन्या व केबल आली आणि रिमोट ही चैन न राहता गरज झाली. बंगळुरास मुख्य कचेरी असलेली बीपीएल, मुंबईची ओनिडा, औरंगाबादेची व्हिडिओकॉन, यांच्या संचांबरोबर तो मध्यमवर्गाच्या हाती आला, आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी चढविण्याची आपली खास पद्धतही तेव्हाचीच. अवरक्त प्रकाश त्या पातळ प्लास्टिकमधून सुखाने जातो. भिंतीतून मात्र जात नाही, आणि हा त्याचा मोठाच गुण मानला पाहिजे: बंगळूरच्या बहुमजली इमारतींत भिंतीस भिंत लागून राहणाऱ्या कुटुंबांकडे एकाच कंपनीचे संच असले तरी एकाच्या हुकमाने दुसऱ्याचा टीव्ही बंद पडत नाही, ती राखण या प्रकाशाच्या दुबळेपणाने आपोआप होते.

आतापर्यंत टीव्हीचे बोललो, कारण टीव्हीच्या बाबतीत उत्तर मिळण्याचा एक मार्ग उघडा आहे: ते मनुष्याच्या डोळ्यांतून येते. कळ दाबली, चित्र बदलले, बोट थांबले. हुकमाचे वर्तुळ पुरे होते ते पाहणाऱ्याच्या देहातून. म्हणूनच टीव्हीच्या रिमोटला ‘आवाज एक पायरी वाढव’ असा सापेक्ष हुकूम चालतो. एखादा वाटेत हरवला तर आपण आणखी एकदा दाबतो. वातानुकूलन यंत्राचे तसे नाही. ते माळ्याजवळ टांगलेले, खोली थंड होण्यास पंधरा मिनिटे लागणार, आणि त्याच्या अंगावर तपमान दिसेलच असे नाही. म्हणून त्याच्या रिमोटवर पडदा असतो, आणि तो रिमोट जो खलिता पाठवितो तो टीव्हीच्या खलित्याहून मुळातच भिन्न असतो. तपमान वाढविण्याची कळ दाबली म्हणजे ‘वाढव’ असा हुकूम जात नाही. यंत्र चालू, रीत थंडाव्याची, तपमान २५, पंखा मध्यम, झडप हलती, अमुक वेळाने बंद, अशी सगळी स्थिती प्रत्येक दाबणीस नव्याने, अथपासून इतिपर्यंत लिहून पाठविली जाते, आणि शेवटी सर्व बिटांची बेरीज जोडली जाते, जी यंत्र स्वतः पुन्हा करून ताडून पाहते. पुष्कळ कंपन्यांचा हा मजकूर शंभर बिटांहून लांब असतो. त्यातील सोय अशी की मधले चार निरोप हरवले आणि पाचवा पोहोचला, तरी यंत्र बरोबर रिमोटच्या पडद्यावरील स्थितीस येते; मागचे काही ठाऊक असण्याची गरजच उरत नाही.

आणि गैरसोय तीच. पडद्यावर जे दिसते ती रिमोटची समजूत होय, यंत्राची स्थिती नव्हे. वीज जाऊन आली, किंवा घरात दुसरा रिमोट असला, किंवा कळ दाबताना आपण हात भलतीकडे केला, तर पडद्यावर २४ आणि यंत्र २० वर असा दुजाभाव निर्माण होतो, आणि तो कोणास दिसत नाही. ही उणीव जाणूनच हुकूम मिळताच यंत्र एक लहानसा ‘बीप’ काढते. मी तर म्हणेन की त्या यंत्रातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विचारी भाग तो बीपच आहे. प्रकाशाने गेलेल्या हुकमास ध्वनीने दिलेले ते उत्तर रिमोटला ऐकू येत नसले, तरी मनुष्यास येते. ज्यास दृष्टी नाही अशा माणसास तर पडद्याचा काहीच उपयोग नाही. त्याचा सगळा कारभार त्या आवाजावर आणि कळांच्या स्पर्शावर चालतो. टीव्हीच्या रिमोटवर पाचाच्या कळेवर जो बारीक उंचवटा असतो तो त्याच्यासाठी आहे. वातानुकूलनाच्या रिमोटवर तसा उंचवटा मला फार क्वचित आढळला आहे, आणि या गोष्टीचे मला मनापासून वाईट वाटते.

हाच प्रश्न आता छताकडे सरकला आहे. मुंबईच्या आयआयटीतील दोघा पदवीधरांनी २०१२ साली स्थापन केलेल्या ॲटमबर्ग या कंपनीने ब्रशविरहित मोटरचे, सुमारे २८ वॅटमध्ये चालणारे पंखे बाजारात आणले, जेथे जुना छतपंखा ७५ वॅटच्या आसपास घेत असे. विजेची ही बचत स्तुत्यच आहे, आणि या जातीच्या पंख्यांबरोबर अवरक्त रिमोट येतो. पण जुन्या पंख्याचा भिंतीवरचा रेग्युलेटर एकाच वेळी हुकूमही होता आणि उत्तरही. अंधारात हात लावला तरी बटण कोणत्या आकड्यावर आहे ते बोटांस कळे. रिमोटच्या कळेला स्वतःची जागा नसते; ती दाबली की पूर्ववत वर येते, आणि मागे कोणतीही खूण ठेवीत नाही. रात्री उठलेल्या वृद्धाने पंखा तिसऱ्या गतीवर आहे की चौथ्या हे कोणास विचारावे?

या सभेत या शहरातील पुष्कळ अभियंते बसलेले मला दिसतात, म्हणून एक गोष्ट त्यांच्यासमोर मांडून थांबतो. बहुतेक रिमोटांवर चालू आणि बंद यांसाठी एकच कळ असते. ती दाबली की बंद असलेले चालू होते आणि चालू असलेले बंद. म्हणजे ज्यास यंत्राची सद्यःस्थिती ठाऊक नाही, त्याच्या हातून नेमके उलटे घडण्याचा संभव त्या कळेतच घातलेला आहे. दुसऱ्या सर्व हुकमांसाठी इतकी खबरदारी घेणारी ही भाषा सर्वांत महत्त्वाच्या हुकमापाशी ढिली पडते. आणि हे अपरिहार्य नाही. पुष्कळ टीव्हीसंचांच्या ग्राहकात ‘चालू हो’ आणि ‘बंद हो’ असे दोन स्वतंत्र हुकूम अगोदरच नोंदलेले असतात; घरभर यंत्रे जोडून देणारे कारागीर ते शोधून काढून वापरतात, कारण त्यांच्या स्वयंचलित मांडणीला टीव्हीकडे पाहण्यास डोळे नसतात. संचास ते शब्द समजतात, खलित्यात त्यांच्यासाठी जागा आहे, सेलावर त्यांचा कपर्दिकेचाही बोजा पडत नाही. दोन कळा हव्यात, एकीवर बोटास लागेल असा एक ठिपका, दुसरीवर दोन. ज्या खोलीतील मनुष्यास पडदा दिसत नाही, त्याला आपण दिलेला हुकूम काय होता हे तरी निश्चित ठाऊक राहील. आणि तसा रिमोट या शहरात कोणी घडविला, तर तो पाहावयास मी होसकोटापलीकडूनही येईन.